रानमेंढ्या नीट दिसाव्यात म्हणून: कोल्हापुरातून हिमालयात जाणाऱ्यांनी दुर्बीण आणि स्कोप कसा निवडावा

कोल्हापुरातून लेह-लडाखला आणि स्पितीला जाणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे. कोणी बुलेट काढून जातं, कोणी ट्रेकच्या ग्रुपबरोबर, तर कोणी ऐन थंडीत हिमबिबट्याच्या आशेनं. परत आल्यावर पँगाँगचे, चंद्रतालचे फोटो भरभरून दाखवले जातात. पण "भरल बघितलेत का?" असं विचारलं की बहुतेकांकडून एकच उत्तर येतं, "पलीकडच्या उतारावर काहीतरी ठिपके हलत होते." ते ठिपके म्हणजेच भरलांचा, तिथल्या 'निळ्या मेंढ्यां'चा कळप. एवढा खर्च करून, धापा टाकत चार हजार मीटरवर पोहोचल्यावर जनावर समोर असूनही दिसू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ही अडचण घरबसल्या सुटण्यासारखी आहे.

माझं मत आधीच सांगतो. दुर्बीण ज्याची त्याची असावी. स्कोप, म्हणजे स्टँडवर ठेवून एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण, मात्र पाच-सहा जणांनी मिळून एकच घ्यावा, पण चांगला घ्यावा. आणि पैसे खर्च करताना क्रम ठेवावा तो असा: आधी काचेचा दर्जा, मग ट्रायपॉड, आणि सगळ्यात शेवटी "किती पट मोठं दिसतं". दुकानात हा क्रम नेमका उलटा होतो.

बघायचं काय आणि किती लांबून

आपल्या सह्याद्रीत रानमेंढी नाही. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, निलगिरीपासून केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांत निलगिरी ताहर आहे, पण तो रानमेंढी नव्हे. मेंढ्या बघायच्या तर हिमालयच गाठावा लागतो. स्पितीत किब्बरच्या आसपास आणि लडाखात हेमिस राष्ट्रीय उद्यानात भरल दिसतो. त्याला निळी मेंढी म्हणतात, पण शास्त्रज्ञांच्या मते तो मेंढी आणि शेळी यांच्या मधला प्राणी आहे, आणि जनुकांच्या हिशेबानं शेळीला जास्त जवळचा. सिंधू आणि श्योक नद्यांच्या खोऱ्यांत उरियल असतो, लडाखी लोक त्याला शापू म्हणतात. पूर्व लडाखच्या उंच पठारांवर न्यान, म्हणजे अर्गली. ही जगातली सर्वांत मोठी रानमेंढी. तिच्या नराची वळलेली शिंगं एकदा नीट दिसली की माणूस ती विसरत नाही.

आता अंतराचा हिशेब करू. भरल खांद्यापाशी साधारण ८० सेंटिमीटर उंच असतो. डोंगरात तो ३०० मीटरवरही भेटतो आणि दीड किलोमीटरवर समोरच्या कड्यावरही. दुर्बिणीवर ८ पट लिहिलेलं असतं त्याचा अर्थ इतकाच की १ किलोमीटरवरचा भरल १२५ मीटरवर उभा असल्यासारखा दिसतो. १० पटीनं तो १०० मीटरवर येतो आणि स्कोपच्या ४० पटीनं २५ मीटरवर. म्हणजे ८ आणि १० मधला फरक लोक समजतात तेवढा मोठा नाही. १२५ मीटरवर प्राणी आहे हे कळतं, नर की मादी हेही बहुधा कळतं. शिंगांवरच्या वळ्या, पोटाकडची काळी पट्टी, पायांच्या पुढच्या बाजूचा काळा रंग हे सगळं बारकाईनं बघायचं असेल तर ते काम स्कोपचं आहे.

रायफलची दुर्बीण घेऊ नका

हे मुद्दाम लिहितो आहे, कारण डोंगरी मेंढ्या आणि स्कोप असं शोधायला गेलात की पहिल्यांदा समोर येतात त्या रायफलवर बसवायच्या दुर्बिणी. अमेरिका आणि कॅनडात बिगहॉर्न आणि डॉल मेंढ्यांची परवान्यानं शिकार होते, त्यामुळे त्या विषयावरचं बहुतेक लिखाण तिकडचं आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं राखीव रान असलेलं दाजीपूरही १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, आणि आज तिथं गवा बघायला रांगा लागतात. त्याचा आपल्याला आनंद वाटायला हवा.

कोणी म्हणेल, कोल्हापूर तर नेमबाजांचं गाव. खरंच आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. पण या स्पर्धांत रायफलवर दुर्बीण चालतच नाही. बारीक छिद्राच्या साईटमधून नेम धरायचा असतो. नेमबाज दुर्बीण वापरतो ती बाजूला स्टँडवर ठेवलेली, निशाण बघण्यापुरती. ती आपल्या स्पॉटिंग स्कोपची बहीण.

रायफलची दुर्बीण निरीक्षणाला का चालत नाही, हे समजून घ्या. गोळी सुटल्यावर बंदूक मागे येते, म्हणून त्या दुर्बिणीत डोळा आठ-दहा सेंटिमीटर मागे ठेवावा लागतो. डोळा जरा हलला की चित्र काळं. ९ पटीवर तिच्यातून १०० मीटरवरचा जेमतेम ४ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. १० पटीच्या साध्या दुर्बिणीतून ११ मीटरचा दिसतो. उघड्या डोंगरउतारावर जनावर शोधताना हा फरक फार मोठा आहे. शिवाय मधोमध अधिकची खूण, आणि बघायचं एकाच डोळ्यानं. एअरगनच्या स्वस्त दुर्बिणी "मोनोक्युलर" म्हणून विकल्या जातात, त्यांच्या नादी लागू नका. लडाखात चौकीवर पिशवी उघडल्यावर असली वस्तू निघाली तर नसत्या चौकशीला तोंड द्यावं लागेल, ते वेगळंच.

अंगावरचे आकडे वाचायला शिका

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा पट, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की जे उत्तर येतं तेवढ्या रुंदीचा प्रकाशाचा गोल डोळ्यापर्यंत पोहोचतो. ८×४२ ला हा गोल सव्वापाच मिलिमीटरचा, १०×४२ ला ४.२ चा, आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ ला फक्त अडीचचा. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, तेव्हा अडीचचा गोलही पुरतो. पण भरल चरायला हलतात ते सकाळी लवकर आणि दिवस कलल्यावर. तेव्हा बाहुली पाच मिलिमीटरच्या आसपास, तरुण माणसाची त्याहून जास्त उघडते. अशा वेळी १०×२५ मधून अंधुक दिसतं आणि ८×४२ मधून उतार उजळलेला दिसतो. वयाच्या पन्नाशीनंतर बाहुली तितकी उघडत नाही, त्यामुळे ७×५० सारख्या मोठ्या गोलाच्या दुर्बिणीसाठी ज्येष्ठांनी जास्तीचं वजन वाहू नये.

८ घ्यावी की १०? ट्रायपॉड नक्की नेणार असाल आणि मुख्यतः उघड्या डोंगरांतच जाणार असाल तर १०×४२. नाहीतर ८×४२. चार हजार मीटरवर नुसतं उभं राहिलं तरी श्वास फुलतो, हात थरथरतात, आणि जितकी पट जास्त तितकी ती थरथरही मोठी दिसते. शिवाय तीच दुर्बीण वर्षातले बाकीचे दिवस दाजीपूरच्या रानात, राधानगरीच्या जलाशयाकाठी, रंकाळ्यावर आणि कळंब्यावर वापरायची आहे. झाडीतला धनेश किंवा शेकरू पकडायला रुंद दृश्य लागतं, ते ८ पटीत मिळतं. कोल्हापूरकराला एकच दुर्बीण घ्यायची असेल तर माझं मत बिनदिक्कत ८×४२ ला.

१२ पटीच्या पुढची हातात धरायची दुर्बीण नको. ८ ते २४ अशी पट बदलणारी झूम दुर्बीणही नको. तिच्यात दृश्य अरुंद होतं, आणि झटके बसले की दोन्ही नळ्या एका रेषेत राहत नाहीत. "१००×१८०" किंवा "६०×६०" असे आकडे, नामांकित कंपनीच्या नावाशी जुळणारं नाव आणि दोन हजारांच्या आतली किंमत दिसली की पुढे वाचूच नका. पुढचं भिंग लालभडक चमकणाऱ्या दुर्बिणींचंही तेच.

काच, प्रिझम, लेप

आत प्रिझम असतात. नळ्या वाकड्या, रुंद दिसणारी ती पोरो पद्धत. नळ्या सरळ असलेली ती रूफ पद्धत. कमी पैशांत चित्र चांगलं देते ती पोरो, पण ती आडमाप असते आणि बऱ्याचदा पाणीरोधक नसते. रूफ सुटसुटीत आणि बंदिस्त असते, पण तिच्या प्रिझमवर फेज कोटिंग असावंच लागतं, नाहीतर बारकावे पुसट होतात. माहितीपत्रकात "फेज करेक्टेड" आणि "फुली मल्टी-कोटेड" हे दोन शब्द शोधा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे ४ टक्के प्रकाश वाया जातो, आणि दुर्बिणीत अशी कितीतरी पृष्ठं असतात. चांगल्या लेपानं ही गळती अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते.

ईडी काच म्हणजे रंग फाटू न देणारी काच. बर्फाच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर कड्याच्या धारेवर उभा असलेला प्राणी स्वस्त काचेतून जांभळ्या-हिरव्या किनारीचा दिसतो. ईडी काचेत ही किनार जवळजवळ जाते. आपल्याकडच्या रानात तिची तितकी निकड नाही, पण बर्फात आहे.

किमती मोघमच सांगतो, कारण त्या सारख्या बदलतात. दहा ते अठरा हजारांत सुरुवातीची पण मनापासून वापरता येईल अशी ८×४२ मिळते. सेलेस्ट्रॉन नेचर डीएक्स किंवा निकॉन प्रोस्टाफ या वर्गातल्या. पंचवीस ते पंचेचाळीस हजारांत ईडी काच येते, निकॉन मोनार्क एम५ सारखी. झाइस, लायका, स्वारोव्स्की यांच्या वरच्या दर्जाच्या दुर्बिणी लाखांच्या हिशेबात जातात. ज्याला परवडतं त्यानं जरूर घ्यावी, पण त्या पैशांत अख्ख्या ग्रुपचं साहित्य होतं हे लक्षात असू द्या.

दुकानात काय तपासायचं

ऑनलाइन मागवलीत तरी परत करायच्या मुदतीत या गोष्टी घरी करा. बिल आणि वॉरंटी कार्ड असल्याशिवाय घेऊ नका.

आधी दोन नळ्यांमधलं अंतर डोळ्यांप्रमाणे जुळवा, दोन वर्तुळांचं एकच वर्तुळ दिसेपर्यंत. मग डोळ्यांचा फरक लावून घ्या, कारण बहुतेक लोक हे करतच नाहीत आणि दुर्बिणीला नावं ठेवतात. उजव्या नळीचं तोंड हातानं झाका, पण दोन्ही डोळे उघडे ठेवा, आणि डाव्या डोळ्यानं लांबच्या एखाद्या पाटीवर मधल्या चाकानं फोकस करा. आता डावी नळी झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीवरची खूण कुठं आली ते ध्यानात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक.

मग दुर्बीण हाताएवढ्या अंतरावर धरून उजेडाच्या भिंतीकडे रोखा आणि डोळ्याकडच्या भिंगातला प्रकाशाचा ठिपका बघा. तो पूर्ण गोल हवा. चौकोनी झाक असेल, कडा करड्या दिसत असतील तर आतले प्रिझम हलक्या काचेचे आहेत.

नळ्या एका रेषेत आहेत का, हे सर्वांत महत्त्वाचं. लांबची एखादी आडवी रेघ निवडा: विजेची तार, गच्चीचा कठडा, पत्र्याच्या शेडची कडा. तिच्यावर फोकस करून दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दहा-पंधरा सेंटिमीटर लांब न्या. दोन्ही वर्तुळांतली रेघ एका पातळीत राहिली तर ठीक. एकीकडे वर, दुसरीकडे खाली सरकली तर ती दुर्बीण बदलून मागा, कितीही सवलत दिली तरी. अशा दुर्बिणीतून पाच मिनिटं बघायला काही वाटत नाही, पण दोन तास उतार चाळताना डोकं ठणकायला लागतं.

मोबाईलचा टॉर्च पुढच्या भिंगातून आत मारा. धुळीचे एक-दोन कण चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तंतूंची नक्षी दिसली तर ती बुरशी. जुनी दुर्बीण विकत घेताना हे आवर्जून बघा. भिंगावरचं प्रतिबिंब हिरवट-जांभळट दिसलं तर लेप आहे. पांढरं शुभ्र दिसलं तर त्या पृष्ठावर लेप नाही.

चष्मा असणाऱ्यांनी "आय रिलीफ", म्हणजे भिंगापासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, ते विचारा. १५ मिलिमीटर हे अगदी कमीत कमी, १६-१७ असेल तर बरं. चष्मा घालून, आयकप (डोळ्याकडची रबरी कड) आत दाबून बघा. वर्तुळाची कड चहूबाजूंनी दिसली पाहिजे. बोगद्यातून बघितल्यासारखं वाटलं तर ती तुमची नव्हे.

यानंतरची परीक्षा संध्याकाळची, आणि माझ्या दृष्टीनं ती सर्वांत खरी. ओळखीच्या कोणाची तरी दुसरी दुर्बीण सोबत घ्या आणि रंकाळ्यावर जा. ऊन असताना, सूर्य पाठीशी घेऊन, काठच्या उघड्या फांदीवर पंख पसरून बसलेला पाणकावळा शोधा. काळा पक्षी, मागं उजळ आभाळ: त्याच्या चोचीभोवती आणि पंखांच्या कडेला जांभळी किनार किती उमटते, ते दोन्ही दुर्बिणींतून बघा. मग सूर्य पूर्ण मावळू द्या. सूर्याकडे दुर्बीण कधीच रोखायची नाही, मुलांच्या हातात असेल तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. सूर्यास्तानंतर संध्यामठाच्या दगडांवर फोकस करा आणि दर पाच मिनिटांनी दुर्बिणी आलटून पालटून बघत राहा. दगडांमधले सांधे कोणत्या दुर्बिणीत आधी दिसेनासे होतात? भर उजेडात दुकानात सारख्याच वाटलेल्या दोन दुर्बिणींमधला फरक इथं अर्ध्या तासात स्वच्छ कळतो, आणि हाच तो उजेड आहे ज्यात भरल चरायला बाहेर येतो.

ग्रुपचा स्कोप

स्पॉटिंग स्कोप म्हणजे एका डोळ्यानं बघायची, स्टँडवरची मोठी दुर्बीण. साधारण २० ते ६० पट. पुढचं भिंग ६५ मिलिमीटर किंवा ८०-८५ मिलिमीटर. मोठं भिंग प्रकाश जास्त देतं, पण अंदाजे दोन किलोच्या घरात जातं. ६५ चा स्कोप सव्वा-दीड किलोचा. पाठीवर घेऊन चढायचं असेल तर ६५, गाडीच्या रस्त्यालगतच थांबून बघायचं असेल तर ८०. चालणाऱ्या ग्रुपला मी ६५ चाच सल्ला देतो.

६० पटीच्या मोहात पडू नका. ६५ च्या स्कोपमध्ये ६० पटीला डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा गोल एक मिलिमीटरच्या जरासाच वर राहतो, चित्र काळवंडतं. त्यातून लडाखचं ऊन दगड तापवतं आणि सकाळी दहानंतर उतारावरची हवा थरथरायला लागते. मग ३० पटीच्या पुढं जेवढं वाढवाल तेवढी फक्त थरथर मोठी होते. प्रत्यक्षात सगळं बघणं २५ ते ४० पटीत होतं. म्हणून स्कोप निवडताना ६० वर काय दिसतं हे दुकानदारानं दाखवलं तरी तुम्ही ३० वर लावून लांबची पाटी वाचून बघा. ईडी काचेचे पैसे दुर्बिणीपेक्षा स्कोपमध्ये जास्त सार्थकी लागतात, कारण पट वाढली की रंगही जास्त फाटतो.

डोळ्याकडचा भाग सरळ की तिरका? सरळ स्कोपमध्ये जनावर चटकन सापडतं. पण ग्रुपसाठी तिरकाच घ्या. उंच, बुटके, मुलं, सगळ्यांना एकाच उंचीवर वाकून बघता येतं, वरच्या कड्याकडे बघताना मान अवघडत नाही, आणि स्टँड खाली ठेवता येत असल्यामुळे वाऱ्यात कमी हलतो. शोधायला थोडा सराव लागतो, तो इथंच करून जायचा.

स्टँड, बुश आणि घोंगडी

पन्नास हजारांचा स्कोप दीड हजारांच्या स्टँडवर लावला तर पैसे पाण्यात. स्टँडला मधला दांडा वर न काढता काम भागलं पाहिजे, आणि डोकं सावकाश फिरणारं, तेलकट चालीचं, म्हणजे व्हिडिओ हेड असावं. वारा असेल तर मधल्या हुकाला पिशवी अडकवा.

दुर्बीणही स्टँडवर बसते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बहुतेक दुर्बिणींच्या मधल्या सांध्याच्या टोकाला एक टोपण असतं. ते फिरवून काढलं की आत पाव इंची आटे दिसतात, कॅमेऱ्याच्या स्क्रूचेच. तिथं एल आकाराची पट्टी लागते. ती विकत मिळतेच. नाही मिळाली तर उद्यमनगरात नमुना दाखवून ॲल्युमिनियमची पट्टी आणि लेथवर बुश करून घ्या. आपल्या गावाचा हा मोठा फायदा आहे. फक्त आटे १/४ इंच व्यासाचे, इंचाला २०चेच असावेत आणि बोल्ट जास्त लांब नसावा, नाहीतर आतला भाग फुटतो. १० पटीची दुर्बीण स्टँडवर ठेवून एकदा बघा. हातात धरून जे दिसत नव्हतं ते कान, शिंगं, हलणारी शेपटी आपोआप दिसायला लागेल.

गाडीच्या खिडकीसाठी जाड कापडाची छोटी पिशवी शिवून न्या, रिकामीच. तिथं पोचल्यावर तांदूळ भरा. आणि बसायला घोंगडी घ्या. गोठलेल्या दगडावर तासभर बसायचं तर खालून येणारी थंडीच आधी उठवते. घडी घातलेली धनगरी घोंगडी त्यावर उत्तम उपाय आहे.

धनगरांच्या कळपावर सराव

साहित्य आलं की लगेच तिकिटं काढू नका. उतार वाचायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि त्यासाठी कोल्हापूरसारखी जागा नाही. पावसाळा सरला की माळांवर, डोंगरउतारांवर धनगरांचे मेंढ्यांचे कळप दिसतात. पन्हाळ्याच्या तटावरून किंवा मसाई पठाराच्या कडेवरून पलीकडच्या उतारावर चरणारा कळप निवडा, किलोमीटरभर तरी लांबचा.

बसा. दुर्बीण स्टँडवर लावा. उताराचे मनातल्या मनात आडवे पट्टे करा. सगळ्यात वरच्या पट्ट्याच्या डाव्या टोकापासून सुरुवात करून दृश्य स्थिर ठेवा, पाच-सात सेकंद त्यातलाच कोपरान् कोपरा बघा, मग थोडं उजवीकडे सरका. आधीच्या दृश्याचा चौथा हिस्सा नव्या दृश्यात राहू द्या. टोकाला पोचलात की खाली उतरून उलट दिशेनं या. दुर्बीण सारखी फिरवत राहिलात तर डोळ्याला काहीच टिपता येत नाही. हलायचं ते डोळ्यानं, दुर्बिणीनं नव्हे.

आता कळपातल्या मेंढ्या मोजा. दोघांनी वेगवेगळ्या मोजा. मग शिंगवाले मेंढे किती, कोकरं किती, कळपात शेळ्या मिसळल्या आहेत का, ते वेगळं काढा. शेवटी खाली उतरून धनगरालाच विचारा. त्यानं "किती दिसल्या?" असं उलट विचारलं तर खरा आकडा सांगा, तो हसेल, पण झुडपामागची, ओघळीतली, बसून रवंथ करणारी मेंढी कुठं नजरेतून सुटते हे तोच तुम्हाला सर्वांत चांगलं शिकवेल. त्याच्या कुत्र्यांपासून मात्र जपून.

आपल्याकडची काळी मेंढी पिवळ्या गवतावर उठून दिसते. भरल तसा दिसणार नाही. त्याचा करडा-निळसर रंग दगडांच्या रंगात विरघळतो. म्हणून तिथं अख्खा प्राणी शोधायचा नाही, त्याचा तुकडा शोधायचा: पांढरं पोट, पांढरा मागचा भाग, बाजूवरची काळी रेघ, आडव्या दगडांच्या गर्दीत चार उभ्या रेघा. सराव म्हणून मित्राला करड्या रंगाची शाल देऊन मसाई पठारावरच्या दगडांत बसवा आणि शोधा. दहा मिनिटांत सापडला तर तुमची तयारी चांगली आहे.

स्कोपचा सराव वेगळा. आधी दुर्बिणीनं जनावर शोधा, त्याच्याजवळची एखादी ठळक खूण पाठ करा, तिरपा दगड किंवा बर्फाचा पट्टा. स्कोप सर्वांत कमी पटीवर लावून आधी ती खूण पकडा, मग जनावराकडे सरका, आणि मगच पट वाढवा. ग्रुपमध्ये एकानं दुर्बिणीवर शोधायचं, एकानं स्कोप सांभाळायचा, बाकीच्यांनी रांगेनं बघायचं, हे आधीच ठरवून ठेवलं तर तिथं आरडाओरडा होत नाही.

तिथल्या वागण्याबद्दल दोनच गोष्टी. स्थानिक वाटाड्या घ्या. त्याला नुसत्या डोळ्यांनी जे दिसतं ते आपल्याला स्कोपनंही आधी दिसत नाही. आणि लष्कराची ठाणी, पूल, ताफे यांच्या दिशेनं दुर्बीण किंवा स्कोप वळवूसुद्धा नका.

थंडी आणि पावसाळा

नायट्रोजन किंवा आर्गन भरलेली, पाणीरोधक दुर्बीणच घ्या. आतून धुकं धरत नाही. पण बाहेरच्या भिंगावर तुमचाच श्वास गोठतो, म्हणून श्वास खाली सोडायची सवय लावा. उणे वीस अंशांत हलक्या दुर्बिणींचं ग्रीस घट्ट होऊन चाक फिरत नाही. घरी दुर्बीण पिशवीत बंद करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी पिशवीतूनच चाक फिरवून बघा. फ्रीझर साधारण उणे अठराचा असतो, त्यामुळे परीक्षा पुरेशी कडक होते. थंडीतून तापलेल्या खोलीत येताना दुर्बीण बॅगेतच बंद राहू द्या, दोन-तीन तासांनी काढा. नाहीतर भिंगांवर दव धरतं.

खरा शत्रू मात्र घरी आहे. जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा इतकी दमट असते की कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, आणि गगनबावडा, राधानगरीकडे राहणाऱ्यांची अवस्था तर विचारूच नका. आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुढं बराच काळ राहिली की भिंगांवर बुरशी रुजते. ती भिंगावरचा लेपच खाते. नंतर साफ केली तरी डाग जात नाहीत. परत आल्यावर दुर्बीण चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत ठेवून कपाटात टाकणं ही सर्वांत वाईट पद्धत, कारण पिशवीच ओल धरते.

परवडत असेल तर ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) घ्या, ग्रुपचा स्कोपही त्यातच राहील. नाहीतर रबरी कडेचा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात कमी पैशांत मिळणारा आर्द्रतामापक आणि रंग बदलणारी सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. त्याहून फार कोरडंही नको. सिलिकाच्या दाण्यांचा रंग बदलला, नारिंगीचा हिरवा किंवा निळ्याचा गुलाबी झाला, की ते ओलावून गेलेत. ओव्हनमध्ये १२० अंशांना दोनेक तास ठेवून परत वापरता येतात. तांदळात दुर्बीण पुरू नका, त्याची पूड सांध्यांत जाते.

भिंग पुसताना आधी फुंकणीनं धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि सगळ्यात शेवटी मायक्रोफायबर. शर्टाच्या टोकानं पुसलं की वाळूचा एक कणही कायमचा ओरखडा काढतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी डबा उघडून दुर्बीण बाहेर काढा, उघडीप असेल तर तासभर सावलीतल्या उजेडात ठेवा, टॉर्च मारून आत बघा, आणि सिलिका तपासून पुन्हा बंद करा.